कुंदाताईंचं भेव

आमच्या मस्कतमधल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी तोच प्रश्न येतो. "सासरे आलेत पुण्याहून, रोज ड्रेसिंग करायचंय, घरी येणारी कोणी चांगली सिस्टर आहे का?" लगेच चौघीजणी चार नंबर टाकतात. मी गप्प बसते. माझ्या माहितीतली जी होती ती आता इथे नाही. आणि असती तरी तिचं नाव सुचवताना मला आधी सांगावं लागलं असतं, की बायांनो, ही बाई भित्री आहे हं. साधीसुधी नाही, पक्की भित्री. चालत असेल तर सांगा.

कुंदा मेश्राम. नागपूरच्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, केस मागे घट्ट बांधलेले, खांद्याला निळी पिशवी आणि हातात पिवळा प्लास्टिकचा डबा. त्या डब्यात वापरलेल्या सुया जायच्या. कुणाच्याही घरच्या कचऱ्यात त्यांनी कधी सुई टाकली नाही. "कचरा उचलणारा पण माणूसच असते नं. त्याच्या हातात गेली तर?" असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर अशी काळजी दिसायची, की जणू तो माणूस खाली उभाच आहे आणि त्याला सुई टोचलीच आहे.

इथल्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली होती. ती सोडून, रीतसर परवाना काढून, त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं होतं. इथल्या हमरिया भागात एका शिंप्याच्या दुकानावर छोटी खोली, दारावर पाटी, आणि दिवसभर टॅक्सीने घरोघरी फिरणं. इंजेक्शनं, जखमा बांधणं, लघवीच्या नळ्या बदलणं. "आता माझी मीच मॅट्रन, मीच मोठी सिस्टर," असं म्हणायच्या. पण म्हणताना हसायच्या नाहीत.

मी तरी कुठे शूर आहे म्हणा! पालीला भिते, विमानाला भिते, सुईला तर इतकी भिते की रक्त तपासायला गेले की भिंतीकडे तोंड करून रामरक्षा म्हणते. माझा नवरा मिलिंद दुक्मला रिफायनरीच्या कामावर. वाळवंटात, समुद्राकाठी, नुसत्या पुरुषांच्या वस्तीत. सुट्टीला घरी यायचा तेवढाच. लेक पुण्यात शिकायला. दार्सैतच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटी, आणि त्या हिवाळ्यात सोबतीला आलेल्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. आईंना रोज सकाळी नाश्त्याआधी इन्सुलिन लागायचं. पुण्यात त्या स्वतः घ्यायच्या, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सिरिंजवरच्या रेघा त्यांना दिसेनाशा झाल्या होत्या आणि हातही कापायला लागला होता. मी टोचणं तर शक्यच नव्हतं. मग कोणीतरी कुंदाताईंचा नंबर दिला.

पहिल्या दिवशी त्या आल्या, हात धुतले, आणि आईंसमोर उभं राहून म्हणाल्या, "नाव सांगा."

आईंना कोणी अशा सुरात नाव विचारायची सवय नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या. त्यांनी उलट विचारलं, "आधी तुमचं सांगा. आडनाव काय तुमचं?"

"मेश्राम. नागपूर. जय भीम," कुंदाताई शांतपणे म्हणाल्या. "आता तुमचं सांगा काकू, पूर्ण. म्हणजे मला कळेल मी कोणाला औषध देऊन राहिले."

 आईंच्या प्रश्नात काय होतं ते मला कळलं होतं, कुंदाताईंना तर कळलं होतंच.  आईंनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि मग शाळेच्या हजेरीत म्हणतात तसं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. कुंदाताईंनी मान हलवली आणि बाटली हातात घेतली. दुसऱ्या दिवशी परत तेच. "नाव सांगा." तिसऱ्या दिवशीही. आई वैतागल्या. "अगं, रात्रीतून बदललं नाही माझं नाव!"

"तुमचं नाही बदललं काकू. पण माझं डोकं बदलू शकते. मले भेव वाटते."

हे 'मले भेव वाटते' त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. एरवी त्या बऱ्यापैकी शुद्ध बोलायच्या, पण भीतीची गोष्ट आली की त्यांची भाषा थेट नागपूरला जायची. इतर माणसं भीती लपवतात. या बाई ती दारातच काढून समोर ठेवायच्या.

आमच्याकडून निघाल्या की त्या लगेच खाली उतरायच्या नाहीत. जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबून, भिंतीकडे बघत, आत्ता काय केलं ते स्वतःशीच पुटपुटायच्या. नाव, औषध, किती, कुठे टोचलं, पेशंट कसा होता. मी एकदा दाराच्या भोकातून पाहिलं आणि चोरून ऐकलं. मला वाटलं, मंत्र म्हणतायत. विचारलं तर म्हणाल्या, "इस्पितळात ड्यूटी संपली की दुसऱ्या सिस्टरला सगळं सांगून जायचं असते. इथं दुसरी कोण आहे? मग भिंतीला सांगते."

आणि तोंडाच्या अशा घट्ट, की विचारू नका. मला माणसांच्या भानगडीत रस आहे, त्याची मला लाजही नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंचं कसलं तरी ऑपरेशन झालं होतं आणि आम्हा सगळ्यांना ते 'कसलं तरी' म्हणजे कसलं, हे हवं होतं. कुंदाताईंना त्या बिल्डिंगमधून बाहेर पडताना मी स्वतः गॅलरीतून पाहिलं. चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणतायत समोरच्या वहिनी? बऱ्या आहेत ना?"

"कोण समोरच्या?"

"अहो, आत्ता तिकडूनच आलात की!"

"मी? मी तर सरळ टॅक्सीतून आले," असं म्हणून त्यांनी चहा फुंकला. डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलल्या बाई माझ्याशी. आई सोफ्यावर बसून खुदुखुदु हसल्या. त्या दिवसापासून आईंना त्या आवडायला लागल्या असं माझं मत आहे.

इथल्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम झाला तेव्हाची गोष्ट. आमचे एक ज्येष्ठ सभासद आहेत, त्यांना आपण अण्णा म्हणू. अण्णांनी जेवणात श्रीखंडावर ताव मारला आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडून आडवे झाले. त्यांच्या ठाण्याच्या फॅमिली डॉक्टरांनी फोनवर चिठ्ठीचा फोटो पाठवला, एक सलाईन लावा, त्यातून अमुक इंजेक्शन द्या. अण्णांच्या बायकोने कुंदाताईंना बोलावलं. मी तिथेच होते, ताक घेऊन गेले होते. कुंदाताईंनी अण्णांची नाडी पाहिली, ब्लडप्रेशर घेतलं, जीभ पाहिली, फोन वाचला आणि तो परत दिला.

"हे मी नाही देणार. मले भेव वाटते."

अण्णा उठून बसले. मघापर्यंत त्यांना बोलायचंही त्राण नव्हतं. "इंजेक्शन द्यायला कसली भीती? आमच्या गावचा कंपाउंडर देतो डोळे मिटून!"

"त्याचं त्याला माहीत जी. हे औषध तुम्हाला पहिल्यांदा जाऊन राहिलं. नाही सोसलं अन् श्वास कोंडला, तर या सोफ्यावर मी काय करू? वॉर्डात मागे पाहिलं तर डॉक्टर असते, ऑक्सिजन असते. इथं मागे पाहिलं तर तुमची शोकेस आहे."

मला हसू आवरेना. अण्णा मात्र लाल झाले. "एवढी भित्री आहेस तर हा धंदा काढलास कशाला?"

"भित्री आहे म्हणूनच काढला," त्या म्हणाल्या. मीठ-साखरेचं पाणी स्वतः करून त्यांनी अण्णांना घोट घोट पाजलं, टॅक्सी मागवली आणि दवाखान्यात सोबत गेल्या. तिथे अण्णांना सलाईन लागलंच आणि संध्याकाळी ते ठणठणीत घरी आले. मग त्यांनी सगळ्या मस्कतला सांगितलं, की शेवटी लावलं ते सलाईनच ना, मग ही बाई घरी का लावत नव्हती? पुष्कळांना ते पटलं. कुंदाताईंची काही घरं त्यामुळे सुटली. त्यांना वाईट वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या एवढंच, "सुटू दे. माणूस तर आहे नं."

भित्री म्हणून हे काम का काढलं, ते त्यांनी एकदा आईंना सांगितलं होतं. वॉर्डात इतक्या खाटा असायच्या, की एका पेशंटचं भेव वाटून घ्यायला सवडच मिळायची नाही. हात आपोआप चालायचे. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की आपण सकाळपासून कुणाचाच चेहरा पाहिलेला नाही, आणि आपल्याला भीतीही वाटलेली नाही. "त्या दिवशी मी घरी जाऊन खूप रडले काकू. वॉर्डातली चूक वाटली जाते, जरा याची, जरा त्याची. एकटीनं काम केलं तर चूक एकटीची. मग माणूस जपून राहते."  आई म्हणाल्या, "तू माझ्या शाळेत हवी होतीस."

तोवर आई त्यांना अगं-तुगं करायला लागल्या होत्या. सकाळी उठून, अंघोळ करून, आई स्टीलच्या ताटलीत सगळी तयारी मांडून ठेवायच्या. बाटली, कापूस, स्पिरिट, सिरिंज. शेजारी कुंदाताईंसाठी चहाचा कप झाकून. पूजेची तयारी करावी तशी. मी हात लावलेला चालायचा नाही. "तयारी माझी, टोचणं तिचं," असं त्यांचं ठरलेलं होतं.

आता इन्सुलिनची एक गोष्ट सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आईंनी पुण्याहून आणलेल्या बाटलीतलं इन्सुलिन पातळ होतं. इथे दुकानात मिळतं ते त्याच्या अडीचपट कडक. म्हणून सिरिंजाही वेगळ्या. पुण्याच्या सिरिंजची टोपी लाल, इथल्या सिरिंजची केशरी. पुण्याची बाटली आणि पुण्याची सिरिंज, बरोबर. इथली बाटली आणि इथली सिरिंज, बरोबर. जोडी फुटली की घात. कुंदाताईंनी हे पहिल्याच दिवशी आम्हा दोघींकडून वदवून घेतलं होतं.

एप्रिलच्या शेवटी आमच्या फ्रीजने दगा दिला. मागच्या भिंतीला बर्फ धरला आणि आईंची बाटली गोठली. मी कुंदाताईंना फोन केला. "गोठलेलं इन्सुलिन मेलं समज. इथली बाटली आण, अन् तिच्यासंगं इथल्या सिरिंजाही आण," त्या म्हणाल्या. मी रुवीच्या बाजारात जाऊन दोन्ही आणलं आणि आईंच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी नेहमीसारखी ताटली मांडली. नवी बाटली ठेवली. आणि नव्या सिरिंजांचं पाकीट कपाटात नीट ठेवून दिलं. पुण्याच्या सिरिंजांचं पाकीट अजून निम्मं शिल्लक होतं ना! चांगल्या कोऱ्या सिरिंजा फेकायच्या कशा? त्या संपल्या की नव्या काढू. आमच्या घरातली जुनी साबणाची चिपटीसुद्धा नव्या वडीला चिकटवून संपवतात, तिथे सिरिंजेची काय कथा.

कुंदाताई आल्या. त्या दिवशी आई फार खुशीत होत्या. तरुणपणी मोपेड शिकताना त्या थेट भाजीवालीच्या पाटीत कशा गेल्या ते सांगत होत्या, आणि भाजीवालीची नक्कल करत होत्या. कुंदाताई हसत होत्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नाव विचारलं. बाटलीवरची तारीख पाहिली. किती ते मोठ्याने म्हणाल्या. वीस. ताटलीतली सिरिंज उचलली, वीसच्या रेघेपर्यंत भरली, पोटावर टोचलं, पिवळ्या डब्यात टाकली. चहा प्यायल्या. "येते काकू."

मी पोहे परतायला घेतले. एवढ्यात जिन्यावरून धावत येणाऱ्या चपलांचा आवाज आला आणि बेल वाजली ती वाजतच राहिली.

दार उघडलं. कुंदाताईंचा चेहरा पांढराफटक. त्यांनी मला बाजूला ढकललं आणि पिवळा डबा टेबलावर ठेवून त्या डब्यात डोकावल्या.

"लाल," त्या म्हणाल्या. "मी लाल टोपीची घेतली. वीस नाही गेलं, पन्नास गेलं. अनघा, साखर आण. पळ!"

मी तिथेच उभी. खोटं कशाला सांगू? मला फक्त पोह्यांचा चरचर आवाज येत होता. त्या ओरडल्या, "पळ म्हटलं नं!" तेव्हा मी पळाले.

आई सोफ्यावर डोळे मिटून गाणं गुणगुणत होत्या. पेल्यातलं साखरपाणी पाहून त्यांनी तोंड फिरवलं. "साखर? मला? वेड लागलंय का तुम्हाला? इतकी वर्षं मी साखरेला शिवलेली नाही."

"काकू, प्या."

"डॉक्टरांनी..."

"काकू, तुम्ही मरून जाल! प्या!"

आई घाबरून गटागटा प्यायल्या. कुंदाताईंनी बोटाला टोचून साखर पाहिली. अजून ठीक होती. थोड्या वेळाने परत पाहिली, आकडा उतरला होता. आईंच्या कपाळावर घाम आला. अंगठा चाळवायला लागला. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "विमल, आईला सांगितलंस का?" विमल त्यांची धाकटी बहीण. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली.  मी देवाला जे जे कबूल करता येईल ते सगळं कबूल करून टाकलं.

कुंदाताईंनी एका हाताने आईंचं तोंड धरून मध चाटवला आणि दुसऱ्या हाताने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. त्यांचा आवाज थरथरत होता, हात मात्र स्थिर होते. वाटेत पूर्णवेळ त्या आईंच्या कानाशी बोलत राहिल्या. "काकू, भाजीवाली काय म्हणाली? सांगा बरं. मग पुढे काय झालं?"

इस्पितळात कोणी काही विचारायच्या आधीच शिरेतून साखर दिली आणि आई शुद्धीवर आल्या. मला ओळखलं. कुंदाताईंना ओळखलं. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मग आईंना सगळं उमगलं, ताटली, पाकीट, सगळं. डॉक्टर पडद्याआड दुसऱ्या पेशंटकडे होते. आईंनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "हे बघ, कोणी काही बोलायचं नाही. मी सांगते, मीच टोचून घेतलं. वीसच घेतलं, नाश्ता राहिला, म्हणून चक्कर आली. म्हातारीला कोण उलटतपासणी करणार? त्या पोरीचा परवाना जाईल गं. देश सोडून जावं लागेल तिला."

कुंदाताईंनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.   त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, झालं, ठरलं. आणि माझा जीव भांड्यात पडला, हेही सांगून टाकते. मलाही त्या हव्याच होत्या.

डॉक्टर आले, तरुण होते, केरळचे. आईंनी हिंदीत ठरल्याप्रमाणे सांगितलं. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि हसले. "अभी तो शुगर अच्छी है अम्मा. नाश्ता मिस नहीं करने का. थोड़ी देर में घर जा सकते हैं." ते वळले.

"डॉक्टर, थांबा," कुंदाताई म्हणाल्या. मराठीतच. मग हिंदीत म्हणाल्या, "इनको घर मत भेजिए. बीस नहीं, पचास यूनिट गया है. ये दिन भर काम करेगा. दोपहर को सोएँगी और उठेंगी नहीं. इन्होंने नहीं लिया. मैंने दिया. मैं नर्स हूँ, मेरी गलती है."

आई ओरडल्या, "कुंदा, गप!"

"नाही काकू. तुमचं ऐकलं असतं तर मी वाचले असते अन् तुम्ही गेल्या असत्या." असं म्हणून त्या भिंतीला टेकल्या आणि सावकाश खाली बसल्या. इतका वेळ स्थिर असलेले हात आता असे कापायला लागले, की त्यांनी ते मांड्यांखाली दाबून धरले.

दुपारी आईंची साखर खरंच परत कोसळली. सलाईन चालू असताना कोसळली. घरी असतो तर मी पोह्यांची कढई घासत बसले असते आणि आई आत 'छान झोपल्यात' असं मला वाटलं असतं. आजही कढई घासताना मधेच आत जाऊन घरात झोपलेल्या माणसाला बघून येते मी.

मिलिंद दुक्महून फोनवर तापला होता. "तक्रार कर. मी येतो आणि करतो. काय समजते काय ती बाई स्वतःला?" मी त्याला म्हटलं, "तुझ्या आधी तीच गेली आहे." खरंच, परवाना देणाऱ्या कचेरीत जाऊन कुंदाताईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःविरुद्ध स्वतःच सगळं सांगितलं होतं. मी विचारलं, "ताई, कशाला? आम्ही कोणी तक्रार केली नव्हती." तर म्हणाल्या, "वॉर्डात असते तर मॅट्रनने माझ्याकडून खुलासा मागितला असता. इथं मॅट्रन मीच नं? तिला झोप कशी लागेल?" मिलिंदने फोनवर हे सगळं ऐकलं. मग म्हणाला, "जेवली का ती?"

चौकशी चालू असेपर्यंत त्यांना काम करायची मनाई होती. आईंना डॉक्टरांनी पेनासारखं इन्सुलिन लावून दिलं. बटण दाबायचं, झालं. ते एका डोळ्याने बघत मी द्यायला शिकले. कुंदाताई पाहुण्यासारख्या यायच्या, खुर्चीच्या कडेवर बसायच्या. आईंनी हात पुढे केला तरी नाडीलासुद्धा हात लावायच्या नाहीत. "सध्या नाही काकू." त्यांच्याकडे बघवायचं नाही. आणि आईंचं निराळंच झालं होतं. त्या प्रसंगानंतर त्यांनी दुपारची झोप सोडली. डोळा लागायला लागला की दचकून उठायच्या, खोल्यांतून फेऱ्या मारायच्या. मुख्याध्यापिका बाई, कधी कुणाला न भ्यायलेल्या, आणि मला म्हणायच्या, "अनघा, मी पडते जरा, पण तू इथेच बस हं."

कचेरीत आम्हा दोघींनाही बोलावणं आलं. टेबलापलीकडे एक ओमानी बाई होत्या, डोक्यावर काळी ओढणी, चेहरा शांत. त्यांना हिंदी छान येत होती. मला धास्ती, की आई पुन्हा खोटं बोलतील. आई खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "गलती उसकी थी. सिरिंज मैंने रखी, लेकिन देखना उसका काम था. और मुझे बचाया भी उसीने. दोनों बातें लिखिए. एक लिखकर दूसरी मत छोड़िए." बाहेर बाकावर कुंदाताई बसल्या होत्या. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्या उठल्या आणि दाराऐवजी भिंतीकडे चालायला लागल्या. मी हाताला धरून दाराशी नेलं.

परवाना राहिला. कडक ताकीद मिळाली, पुन्हा थोडं प्रशिक्षण घ्यावं लागलं. पण त्यांचं मन त्यात पुन्हा पहिल्यासारखं लागलं नाही. पुढे थोड्याच दिवसांत लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून त्या नागपूरला गेल्या आणि तिकडेच राहिल्या. फोनवर मधून मधून बोलणं होतं. पण मी त्यांना शेवटचं डोळ्यांनी पाहिलं ते आई पुण्याला निघाल्या त्या दिवशी.

विमान संध्याकाळचं होतं. आईंनी आदल्या दिवशीच फर्मान काढलं, "आता मनाई उठलीय ना? उद्याचं इन्सुलिन कुंदा देईल. नाहीतर मी घेणार नाही." मी फोन केला.  कुंदाताई "येते" म्हणाल्या.

आल्या. हात धुतले, ते किती वेळ धुतले! पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. आकडा मला वाचायला लावला, मग आईंकडून म्हणवून घेतला. आईंनी पदर बाजूला केला.  दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. टोचलं. आईंनी भरपूर नाश्ता केला. काम संपलं होतं, पण कुंदाताई उठल्या नाहीत. मी बॅगा भरत होते, येता-जाता दिसत होतं. आई आरामखुर्चीत आणि समोर वेताच्या मोड्यावर कुंदाताई, त्यांच्याकडे एकटक बघत. जेवणं झाली तरी तशाच.

उन्हं तापली. पडदे ओढले. आणि मी पाहिलं तर आईंचे डोळे मिटले होते. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा, भर दुपारी. हात मांडीवर सैल, तोंड किंचित उघडं.  कुंदाताई मोड्यावरून पुढे सरकल्या, जवळ गेल्या, आणि दोन बोटं आईंच्या नाकाखाली धरली. 

आईंनी डोळे उघडले नाहीत. कुंदाताईंचा तो हात धरला, आपल्या मांडीवर घेतला, आणि झोपेतच म्हणाल्या, "आहे गं, आहे. बस तू."